आखूड पायांच्या कॉर्गीची पारख

॥ मल्हारी मार्तंडाची कृपा तुझ्या वाटेवर आणि माझ्या लेखणीवर सारखीच राहो ॥

पेठ, ता. आंबेगाव
कार्तिक शुद्ध नवमी, रविवार, १० नोव्हेंबर २०२४

चिरंजीव इंद्रायणी हीस भिमाजी आबाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

कुलस्वामीचे स्मरण करून मगच विषयाला हात घालावा, हा आपल्या घरचा शिरस्ता. तो पाळून लिहितो. तुझे पत्र आणि सोबतचे छायाचित्र पोचले. कानातल्या यंत्रामुळे फोनवर मला नुसती शिट्टी ऐकू येते आणि तुमच्या घाटघरला फोन लागत नाही, त्यामुळे या वयात मला पत्रे येतात. ही देवाची कृपाच म्हणायची.

तुझा प्रश्न असा. पुण्याची तुझी मैत्रीण स्वप्ना डिसेंबर अखेरीस परदेशी जाते. तिचा दोन वर्षांचा कॉर्गी जातीचा कुत्रा तिला सोबत नेता येत नाही. तू तो ठेवावास अशी तिची इच्छा आहे, तुझीही आहे. परंतु तू आश्रमशाळेत मुलींना धावायला शिकवणारी, पहाटे स्वतः नाणेघाटापर्यंत धावत जाऊन येणारी, रविवारी जीवधन चढणारी. असल्या आयुष्यात वीतभर पायांचा कुत्रा निभेल का, हे तू मला विचारतेस.

योग्य माणसाला विचारलेस, हे नम्रतेने पण निःसंकोच सांगतो. पंचावन्न वर्षे मी शर्यतीच्या गाड्याचे बैल पारखतो आहे. जुन्नरपासून खेडपर्यंत ज्या खोंडाच्या पाठीवर हात ठेवून मी ‘घ्या’ म्हटले, त्याला कोणी परत केल्याचे मला आठवत नाही.

आता छायाचित्रातल्या स्वारीविषयी. छाती उत्तम. कान सावध. नजर थेट, चोरटी नाही. परंतु शरीर लांब आणि पाय आखूड, म्हणजे चार माणसांचा पलंग तिपाईच्या पायांवर ठेवल्यासारखा. आणि शेपूट कोठे आहे? मी भिंग लावून पाहिले. शेपूट तुटलेला खोंड आमच्याकडे दावणीला बांधत नाहीत, त्याच्या वेगाचा विचारसुद्धा कोणी करत नाही. एवढ्यावरून उत्तर द्यायचे तर ‘नको’ असेच द्यावे लागेल.

पण ज्या शास्त्रीबुवांपाशी मी बालपणी न्यायशास्त्राची प्रकरणे शिकलो, त्यांनी बजावले होते की प्रत्यक्षाआधी निकाल देऊ नये. छायाचित्र म्हणजे फार तर अनुमान. बैल घेताना आपण आठ दिवस जुंपून पाहतो, तसे यालाही पाहू. आणि एक लक्षात ठेव. कुत्रा चांगला की वाईट, हा प्रश्नच नाही. तुझ्या दिवसात तो कोठे बसतो, हा प्रश्न आहे. तू शाळेत असताना त्याच्याजवळ कोण असते? तू चढावर असताना तो कोठे असतो? हे कळव.

तुझी आजी, माझी धाकटी बहीण, आज असती तर तुझ्या पायांचा वेग पाहून तिने गावभर पेढे वाटले असते. ते काम मी शब्दांनी करतो.

तुझा,
भिमाजी आबा

•

घाटघर, ता. जुन्नर
१७ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आबांना साष्टांग नमस्कार.

शेपटीचा मुद्दा आधी निकालात काढते. आबा, ही जातच तशी. काही पिल्ले जन्मतः आखूड शेपटीची असतात, काहींची लहानपणी कापतात. आणि हे कुत्रे सोफ्यावर बसायला जन्मलेले नाहीत. यांचे पूर्वज परमुलखात गुरे हाकायचे. उंची एवढी कमी की गायीने लाथ मारली तर ती डोक्यावरून जावी, आणि यांनी तिच्या खुरामागे हळूच दात लावून तिला पुढे ढकलावे. म्हणजे तुम्ही गुरांचे पारखी आणि हा गुरांचा गडी. आता बोला!

चार दिवस स्वप्नाने त्याला माझ्याकडे ठेवले होते. त्याचे नाव टॉफी. (हसू नका.) जुंपून पाहिले ते असे: पहिल्या दिवशी सपाट रस्त्याने सहा किलोमीटर. सगळा वेळ माझ्या पुढे, आणि मी मागे पडले की वळून भुंकायचा. दुसऱ्या दिवशी नाणेघाटाच्या दगडी पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर बसला आणि माझ्याकडे असा पाहू लागला की जणू चूक माझी आहे. शेवटी काखेत घेऊन चढले. बारा किलो, आबा! घरमालकीण द्रौपदाबाई अंगणातून आमचे परतणे बघत होत्या. म्हणाल्या, “बाई, तू ह्याला पळवतीस का ह्यो तुला पळवतोय? आन् यताना तर त्यो पालखीत आला व्हता!”

मी शाळेत असताना तो द्रौपदाबाईंच्या ओट्यावर असायचा. त्यांच्या कोंबड्या त्याने एका कोपऱ्यात गोळा करून ठेवल्या, एकीलाही इजा केली नाही. त्या खूश झाल्या, कोंबड्या झाल्या नाहीत.

आता खरे सांगते. मला तो हवा आहे. इथे मुली आहेत, द्रौपदाबाई आहेत, तरी संध्याकाळी खोलीचे दार उघडते तेव्हा आत कोणी नसते. पण माझ्या हौसेपायी मुका जीव झिजू नये. त्याची पाठ लांब, केस दाट. उन्हाळ्यात काय होईल? माझे मन ‘हो’ म्हणते, म्हणून मी माझ्या मनाला विचारत नाही. तुम्हाला विचारते.

पुढचे दोन आठवडे मुलींना स्पर्धेच्या सरावासाठी घेऊन जुन्नरला राहायचे आहे. येत्या रविवारी टॉफीला स्वप्नाकडून घेऊन तुमच्याकडे आणून सोडते. रोज टेकडीवर न्या, पाहा, आणि काय ते सांगा. स्वप्नाला बारा डिसेंबरपर्यंत कळवायचे आहे. मी नाही म्हटले तर ती जाहिरात देऊन कोणाला तरी देईल. तुम्ही ‘घ्या’ म्हटलेत तर घेईन, ‘नको’ म्हटलेत तर नाही. तुमच्या शब्दापुढे मी शब्द ठेवणार नाही.

तुमची,
इंद्रायणी

•

पेठ
कार्तिक वद्य द्वादशी, बुधवार, २७ नोव्हेंबर २०२४

चि. इंद्रायणी हीस अनेक आशीर्वाद.

पाहुणा सुखरूप आहे. ‘टॉफी’ ही हाक माझ्या तोंडून निघत नाही. रविवारी आला, खंडेरायाच्या वारी आला, म्हणून त्याला खंडू म्हणतो. दुसऱ्याच हाकेला आला. त्याअर्थी त्यालाही पूर्वीचे नाव फारसे रुचले नसावे.

तू परत फिरलीस आणि शेजारचा गेणभाऊ बटाट्याची पोती उतरवता उतरवता थांबला. खंडूभोवती एक फेरी मारून म्हणाला, “आबा, ह्ये कुत्रं उभं हाय का बसलंय?” मी म्हटले, उभे आहे. तो म्हणाला, “मग बसल्यावर न्हाई व्हत आसंल!” दोन दिवस गावात हाच विनोद चालू होता.

तो सोमवारी संपला. तुला आपली चांदणी गाय ठाऊक आहे. गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली की तिला ना गूळ हलवतो, ना काठी. परवा संध्याकाळी ती तशीच उभी राहिली आणि गेणभाऊ मागून रेटत होता. खंडू ओट्यावरून हे पाहत होता. तो उतरला, जमिनीसरसा तिच्या मागे गेला आणि उजव्या खुराच्या वर हलकेच दात लावले. चांदणीने लाथ झाडली. ती वरून गेली, अगदी तू लिहिलेस तशी. दुसऱ्या पायाला दात लागताच आमच्या राणीसाहेब मुकाट्याने आत गेल्या. गेणभाऊच्या हातातली काठी तशीच राहिली. “आरं तिच्यायला, राव! ह्याला शिकवलं कुणी?” मी म्हटले, ज्याने गायीला हट्ट दिला, त्यानेच.

आता रोज संध्याकाळी आठदहा माणसे गोठ्यापाशी जमतात. मी खुर्ची टाकून बसतो. आपल्या दारच्या जनावराचे कौतुक ऐकताना माणसाने चेहरा गंभीर ठेवावा. तो मी ठेवतो, पण कष्टाने.

रोज पहाटे त्याला गावामागच्या दोन टेकड्यांवर नेतो. उसाच्या बाजूला बिबट्याचा वावर असतो, म्हणून गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातला आहे आणि दिवस मावळला की तो घरात, माझ्या खाटेशेजारी. त्याच्या चालीचा निकाल इतक्यात देत नाही. अजून पाहतो आहे.

आबा

•

जुन्नर
१ डिसेंबर २०२४

ती. आबांना नमस्कार.

पत्र मुलींना मोठ्याने वाचून दाखवले. चांदणी आत गेली तिथे टाळ्या पडल्या. भागू नावाची माझी एक मुलगी आहे, आठवीतली, तीन किलोमीटरला जिल्ह्यात पहिली येईल अशी मला खात्री आहे. ती म्हणाली, “बाई, तुमचे आबा लई भारी लिवत्यात. पर कुत्रं पळतंय का, त्ये लिवलंच न्हाई.”

तिचे बरोबर आहे, आबा. चढ संपल्यावर त्याचा श्वास किती वेळात शांत होतो? उतरताना पाठ धरतो का? दुसऱ्या दिवशी लंगडतो का? कौतुक पुष्कळ झाले, आता स्पष्ट सांगा.

इंद्रायणी

•

पेठ
मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी, गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

चि. इंद्रायणी हीस आशीर्वाद.

तू स्पष्ट विचारलेस, स्पष्ट लिहितो. खंडू तुझ्या आयुष्याला योग्य नाही. पहिली टेकडी तो चढतो. दुसऱ्या टेकडीच्या चढावर त्याला दम लागतो आणि मध्येच थांबून बसावे लागते. पाठ लांब असल्याने डोंगरउतार त्याला घातक. केसांच्या दाटीमुळे उन्हाळा सोसणार नाही. डोंगरात धावणाऱ्या माणसाने हा जीव पदरी घेऊ नये.

त्याला अनोळखी दारी मात्र पाठवू नये. माझ्याकडे जागा आहे, गुरे आहेत. मी त्याचा भार उचलतो. स्वप्नाला तसे कळव.

भिमाजी

•

घाटघर
९ डिसेंबर २०२४

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

परवा पत्र मिळाले. तीनदा वाचले. स्वप्नाला कळवले की टॉफी पेठला राहील. तिला बरे वाटले. त्याच्यासाठी जुन्नरहून आणलेले पाण्याचे भांडे द्रौपदाबाईंच्या कोंबड्यांना दिले.

वाईट वाटले, हे लपवत नाही. पण मुलींना मी नेहमी सांगते, आमचे आबा जनावराविषयी बोलले की तिथे वाद संपतो, कारण त्यांनी कधी कोणाचे मन राखायला शब्द वाकवलेला नाही. काल भागू विचारत होती, “मंग बाई, न्हाई म्हनले आबा?” मी म्हटले, “नाही म्हणाले. आणि त्यांनी म्हटले म्हणजे ते खरे.” असे सांगताना रडू आले, पण मान ताठच राहिली.

भागू जिल्ह्यात पहिली आली. सगळ्या तालुक्यांत पहिली, आबा!

तुमची,
इंद्रायणी

•

पेठ
मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी, गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

चि. इंद्रायणी हीस.

या पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहिला नाही. तो देण्याचा अधिकार आधी परत मिळवावा लागेल.

तुझे पत्र आले तेव्हा गेणभाऊ समोर बसला होता. माझे डोळे हल्ली बारीक अक्षराला थकतात, म्हणून त्यालाच वाचायला सांगितले. “शब्द वाकवलेला नाही” इथवर तो आला आणि थांबला. मग म्हणाला, “आबा, तुमी पोरीला काय लिवलं व्हतं?” मी सांगितले की दुसऱ्या टेकडीवर खंडूला दम लागतो. गेणभाऊने पत्राची घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली. “रोज माझ्या वावरावरनं दिसतंय की मला. कुत्रं वर जाऊन बसतंय आन् तुमी निम्म्यात दगडावर. दम कुणाला लागतोय, आबा? कुत्र्याला का तुमाला?”

तो उठून गेला. जाताना चहाही घेतला नाही.

इंद्रायणी, गेणभाऊ खरे बोलला. दुसऱ्या टेकडीवर थांबतो तो मी. खंडू माथ्यावर जातो, मी येत नाही असे पाहून अर्ध्यावर परत येतो, माझ्याभोवती एक वेढा घालतो आणि भुंकून मला उठवतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला त्याने पंधरा दिवस माथ्यावर नेले आहे, जसे चांदणीला गोठ्यात नेतो. सकाळी कोणीतरी आपली वाट पाहत असते, या गोष्टीची मला चटक लागली. त्याला जाऊ देणे जिवावर आले. म्हणून मी माझा दम त्याच्या नावावर घातला. धर्माच्या चार गोष्टी पाठ असलेल्या माणसाने हे केले, आणि वर ‘भार उचलतो’ असे उदार शब्द लिहिले.

आमच्यात बैलाचा निकाल देण्याची रीत आहे. जनावर समोर उभे करायचे, त्याच्या पाठीवर हात ठेवायचा, दोन माणसे ऐकायला बसवायची, मग बोलायचे. गेल्या गुरुवारी मी तो निकाल बंद खोलीत लिहिला. खंडू गोठ्यात बांधला होता. आज गेणभाऊला मीच बोलावून आणले, सूनबाई आरती हिला ओट्यावर बसवले, खंडूच्या पाठीवर हात ठेवला आणि जे बोललो तेच आता लिहितो:

सपाटीवर आणि मऊ वाटेवर हा तुझ्याबरोबर सातआठ किलोमीटर सहज धावेल. चढ संपल्यावर त्याचा श्वास मी शंभर आकडे मोजायच्या आत शांत होतो. दुसऱ्या दिवशी लंगडत नाही. मी पाय दाबून पाहिले. दगडी पायऱ्या आणि उंच उड्या मात्र त्याला कायमच्या वर्ज्य. तिथे त्याची पाठ जाईल, ते मी खरेच लिहिले होते. नाणेघाट उतरशील, जीवधन चढशील, त्या दिवशी त्याला द्रौपदाबाईंपाशी ठेव. चैत्र-वैशाखात ऊन चढण्याआधी फिरवून आण, दुपारी गार फरशीवर राहू दे. खाणे मोजून दे, कारण तो भुकेलेला चेहरा फार सुरेख करतो आणि वजन वाढले की ते सगळे पाठीवर येते. रोज त्याला काही काम दे, नाहीतर तो स्वतःच शोधेल आणि ते तुला आवडणार नाही. केस गळतात, भुंकतो पुष्कळ, घोटे चावतो; मुलींना सांगून ठेव. तू धावतेस ती प्रत्येक धाव त्यानेही धावावी असा हट्ट नसेल, तर हा कुत्रा तुझा आहे. घे.

ऐकून गेणभाऊ म्हणाला, “आता कसं, आबा!” आणि चहा मागितला.

राग आला असेल तर तो ठेव. योग्य आहे.

भिमाजी

•

घाटघर
१६ डिसेंबर २०२४

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

राग आला. दोन दिवस पत्र लिहिले नाही ते त्यामुळेच. मी कोंबड्यांपुढे ते भांडे ठेवताना रडले होते, आबा.

मग काल मुलींचा सराव घेताना भागूने एक फेरी कमी धावली आणि मोजताना पुरी सांगितली. मी पाहिले होते, पण बोलले नाही. शेवटी सगळ्या जायला निघाल्या, तेव्हा तीच माघारी आली. “बाई, येक कमी झालीया,” म्हणाली, आणि अंधार पडायच्या आत एकटीच धावून आली. जिल्ह्यात पहिली आली तेव्हासुद्धा मला तिचा एवढा अभिमान वाटला नव्हता. घरी येऊन तुमचे पत्र पुन्हा वाचले.

मुलींना सगळे सांगितले, तुमचे ‘नको’चे पत्रही आणि ‘घे’चेही. तुम्हाला चालणार नाही असे क्षणभर वाटले, मग वाटले, चालेल.

येत्या रविवारी येते. त्याचे नाव खंडूच राहील. जुन्नरला जाऊन स्वप्नाला फोनवर सांगितले, ती खूप हसली. आणि दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो पेठला येईल. ही दया नाही. चांदणीचे काम कोण करणार?

तुमची,
इंद्रायणी

•

पेठ
मार्गशीर्ष वद्य नवमी, मंगळवार, २४ डिसेंबर २०२४

चि. इंद्रायणी हीस, आता मोकळ्या मनाने, अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुम्ही दोघे एसटीच्या थांब्याकडे निघालात तेव्हा मी मुद्दाम ओट्यावरच थांबलो. तू पुढे आणि तो तुझ्या पुढे. रस्त्याच्या वळणावर त्याने मागे वळून पाहिले आणि तुझ्या घोट्याशी दात लावले. तू ओरडलीस, गेणभाऊ हसला, मला फार समाधान वाटले. जनावर योग्य हाती गेले की ते असेच लगेच हुकूम चालवू लागते.

काल जुन्नरकडची तीन माणसे खोंड दाखवायला आली. ओट्यावर बरीच मंडळी होती. खोंडाच्या पाठीवर हात ठेवण्याआधी मी त्यांना म्हटले, “मंडळी, या महिन्यात माझ्या तोंडून एक खोटा निकाल गेला. माझ्या नातीला. लोभापायी. तो मी फिरवला आहे. हे ऐकून मगच मला विचारायचे की नाही ते ठरवा.” गेणभाऊ मान खाली घालून बसला. तिघांतला वडीलधारा पुढे आला. मग खोंडाचा कासरा माझ्या हातात देत म्हणाला, “आबा, आजवर तुमचा शब्द ऐकला व्हता. आज माणूस बघितला. हात ठिवा.”

मी हात ठेवला. पंचावन्न वर्षांत इतक्या ताठ मानेने कधी ठेवला नव्हता. आज सकाळी दुसऱ्या टेकडीवर एकटा गेलो. तीन वेळा बसलो, पण माथा गाठला.

हे पत्र तू मोठ्याने वाचशील, हे जाणून लिहितो. म्हणून तुझ्याबरोबर द्रौपदाबाईंना, भागूला, तिच्या सोबतच्या सगळ्या लेकींना आणि हा कागद ज्यांच्या ज्यांच्या हाती पडेल त्या सर्वांना या म्हाताऱ्याचा आशीर्वाद: तुमच्या पायांत बळ राहो, तुमच्या जिभेवर खरेपण राहो, आणि संध्याकाळी तुमच्या दारात तुमची वाट पाहणारा एक तरी जीव असो. मार्तंड तुम्हा सर्वांचे कल्याण करो.

भिमाजी आबा